रंग देणारी

डोळ्यावरची पट्टी निघाली आणि म्हाताऱ्याने सगळ्यात आधी पाहिलं ते आपल्या लेकीचं तोंड. आणि बोलला तो हे: "तू एवढी म्हातारी कधी झालीस गं?"

डॉक्टरीणबाई हसल्या. एवढा मोठा चित्रकार, तो काहीही बोलला तरी लोकांना ते मार्मिक वाटतं. लेक हसली नाही. ती बावन्न वर्षांची होती, नऊ वर्षं या माणसाच्या चपला शोधून देत होती, आणि असले टोमणे तिला आता लागत नव्हते, नुसते साठत होते.

"सगळं निळं दिसतंय," म्हातारा म्हणाला. "भिंत निळी. तुमचा कोट निळा."

"दिसणारच. इतकी वर्षं मोतीबिंदू घेऊन बसलात, जग पिवळ्या काचेतून बघत होतात. दोन-चार दिवसांत डोळा सरावेल, मग रंग जसे आहेत तसे दिसतील."

"जसे आहेत तसे," म्हातारा म्हणाला.

लेकीने थेंबांची बाटली पर्समध्ये टाकली आणि पर्स बंद केली. ती नऊ वर्षं याच दिवसाची वाट बघत होती. आठ दिवसांनी म्हाताऱ्याच्या आयुष्यभराच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन उघडणार होतं. तिथे तो स्वतःची गेल्या नऊ वर्षांतली चित्रं पहिल्यांदा नीट बघणार होता, आणि मग त्याला कळणार होतं.

काय कळणार होतं, ते सांगायचं तर आधी म्हाताऱ्याचं थोडं चरित्र सांगायला हवं. छापील चरित्र येतंच आहे, चांगलं सहाशे पानांचं. त्यात जे येणार नाही तेवढं इथे सांगतो.

विशीत हा माणूस छापखान्यात छपाईच्या दगडावर लेबलं काढायचा. मग तीन मित्र गाठून त्याने एक पत्रक काढलं, त्यात आधीच्या सगळ्या चित्रकारांना एका ओळीत निकालात काढलं, आणि चौघांचं नाव झालं. बाकीचे तिघे हळूहळू गळाले. हा टिकला, कारण याने राखाडी माणसं शोधून काढली होती. खुर्चीत बसलेली, दारात उभी, पाठमोरी. चेहरा नाही, रंग नाही, नुसती राख फासल्यासारखी माणसं. रेषा मात्र अशी की दोन फटकाऱ्यांत माणसाचा थकवा दिसावा. ते नाकारण्यात अर्थ नाही. बत्तिसाव्या वर्षी त्याला परदेशातलं मोठं बक्षीस मिळालं, आणि पुढची सदतीस वर्षं तो तीच माणसं काढत राहिला. समीक्षक आधी त्याला साधना म्हणाले. मग तेच समीक्षक म्हणाले, तेच ते. सत्तरी जवळ आली तेव्हा कलादालनाच्या बाईंनी त्याचे फोन घेणं बंद केलं होतं.

आणि घरात? घरात हा माणूस म्हणजे दुसरं हवामान होतं. त्याच्या खोलीचं दार कसं बंद झालं यावरून आई आणि लेक दिवस कसा जाणार ते ओळखायच्या. लेक एकोणीस वर्षांची असताना तिने एक चित्र काढलं. दुपारी झोपलेली आई, खिडकीचा लाल पडदा, आणि पडद्यातून गाळून आलेला उजेड आईच्या दंडावर. कला महाविद्यालयाचा अर्ज भरून तयार होता. बाप त्या चित्रासमोर पाच मिनिटं उभा राहिला. पाच मिनिटं तो कुणाच्याच चित्रासमोर उभा राहत नसे. मग वळला आणि घरात जमलेल्या पाहुण्यांसमोर म्हणाला, "हिला रंगातलं ओ की ठो कळत नाही. उगाच नादी लावू नका पोरीला."

पाहुणे हसले. आईने चित्र उचलून आत नेलं. लेकीने अर्ज पाठवला नाही.

पण डोळा कुठे जातो? ती भिंतीचे रंग बनवणाऱ्या कारखान्यात लागली, छटा जुळवायच्या खोलीत. गिऱ्हाईक काहीही आणायचं. पडद्याची चिंधी, फुटकी फरशी, शर्टाचं बटण. आम्हाला भिंत अशी हवी. ती तो तुकडा दिव्याच्या पेटीत ठेवायची, डोळे बारीक करून बघायची आणि कृती लिहायची: पांढऱ्यात काळ्याचे चार थेंब, पिवळ्याचे अकरा, लालचा अर्धा. पुढे यंत्र आलं, तरी साहेब यंत्राचा कागद घेऊन तिच्याकडेच यायचे, हे बरोबर आहे का म्हणून विचारायला. बापाने तिचं नाव ठेवलं शेडकार्ड. पाहुण्यांना सांगायचा, "संडासाला कोणता रंग लावावा ते आमच्या शेडकार्डाला विचारा."

मधे तिचं लग्न झालं आणि मोडलं. मग आई गेली. म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालले होते, आणि डोळ्याला सुरी लावू देणार नाही म्हणून तो हट्टाला पेटला होता. त्याच्या एका मित्राचा डोळा जुन्या काळी अशाच ऑपरेशनात गेला होता. लेकीने नोकरी सोडली आणि बापाच्या घरी आली. करायला दुसरं कुणी नव्हतं एवढंच. त्यात प्रेमाचा भाग शोधू नये.

म्हाताऱ्याला आकार दिसायचे, रंग कळायचे नाहीत. ट्यूबवरची अक्षरं तर नाहीच. तो नाव सांगायचा आणि लेक तो रंग पॅलेटवर पिळून द्यायची. पांढरा, काळा, जरासा तपकिरी. झाली राख तयार. महिनाभर हे असं नीट चाललं.

मग एके दिवशी ताणलेलं कापड संपलं. म्हातारा म्हणाला, कपाटामागे एक जुना कॅनव्हास आहे, त्याच्यावर पांढरं अस्तर चढव आणि आण. तिने तो ओढून काढला. झोपलेली आई होती. आईने इतकी वर्षं चादरीत गुंडाळून जपून ठेवलं होतं.

"हे माझं चित्र आहे, बाबा."

"मग? कापड चांगलं आहे."

"यात आई आहे."

"आई गेली," म्हातारा म्हणाला. "दोन हात मार. एकाने भागायचं नाही, तुझे रंग खालून वर येतात."

आणि तिने मारले. का मारले, हे तिला आजही सांगता येत नाही. लहानपणापासूनची सवय, दुसरं काय. आधी पडदा गेला, मग खिडकी, मग आईचा दंड. दुसऱ्या दिवशी ते पांढरं कापड म्हाताऱ्यासमोर उभं राहिलं आणि तो नेहमीसारखा म्हणाला, "तपकिरी दे जरा." तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने लाल पिळला. चांगला गर्द, किरमिजी लाल. म्हाताऱ्याने तो कालवला आणि लावला. मग काळा मागितला, तिने हिरवा दिला. पांढरा मागितला, तिने पिवळसर दिला, उन्हातल्या भिंतीसारखा.

सुरुवात रागाने झाली होती, पण तासाभरात तिच्यातली छटा जुळवणारी जागी झाली. आता या लालाशेजारी काय हवं? थोडा थंड करू या का? बापाची रेषा पुढे चालली होती आणि तिच्या मागे लेकीचा रंग. संध्याकाळी दारात उभा असलेला एक माणूस तयार झाला, आणि तो जिवंत होता. लेक ते बघून मोरीत जाऊन रडली.

दालनाच्या बाईंनी ते चित्र पाहिलं आणि खुर्चीत बसल्याच. "सर, हा लाल! या वयात!" वर्तमानपत्रांनी पानं भरली. 'उत्तरपर्व' हे नावही त्यांनीच दिलं. लेक ती परीक्षणं म्हाताऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायची, मुद्दाम सावकाश. आता भडका उडेल, आता विचारेल, मी राखाडी काढला होता, हा लाल कुठला? म्हातारा नुसता हं म्हणायचा. तिने त्याचा अर्थ आपल्या मनाने लावून टाकला. म्हाताऱ्याला वाटत असणार, आपलेच डोळे दगा देतायत, आपल्या हातून काहीतरी भलतंच होतंय आणि लोक त्याला वाहवा म्हणतायत. कबूल करायची लाज वाटत असणार. या विचाराने तिला इतकं बरं वाटायचं की तिने नऊ वर्षं एकही रंग सांगितल्याप्रमाणे दिला नाही. एकसष्ट चित्रं झाली. म्हातारा पुन्हा मोठा झाला, आधीपेक्षाही मोठा. आणि ती प्रत्येक कौतुक त्याच्या अंगात काट्यासारखं रुततंय अशा समाधानात त्याचा चहा करत राहिली.

शेवटी माणसाला दारही दिसेना. तो जिन्यात पडला आणि डॉक्टरीणबाईंनी त्याला दमच भरला. म्हणून ही पट्टी.

पाचव्या दिवशी दोघं दालनात गेली. चित्रं टांगून झाली होती. दालनाच्या बाई होत्या, आणि चरित्रकार होता. हा चाळिशीचा, गोड बोलणारा, हातात फोन कायम रेकॉर्डिंगवर. पहिल्या दोन दालनांत राखाडी माणसं होती. म्हातारा ती पाहुण्यासारखी बघत चालला. मग तिसरं दालन आलं. लेक त्याच्यापुढे जाऊन वळून उभी राहिली, तोंड दिसावं म्हणून.

समोर तो दारातला माणूस होता. लाल, हिरवा, उन्हासारखा पांढरा. म्हातारा त्याच्यासमोर थांबला. त्याने काळा चष्मा काढला. त्याच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं, राग नव्हता, काहीच नव्हतं. साठेक चित्रं त्याने अर्ध्या तासात पाहिली.

"सर, काय वाटतं?" चरित्रकाराने फोन पुढे केला. "हा रंग पहिल्यांदाच असा बघताय तुम्ही!"

"डोळ्याने पहिल्यांदा," म्हातारा म्हणाला. "डोळे गेले तेव्हा मला रंग सापडला. हे लिही."

चरित्रकाराच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा पुढे म्हणाला, "ती शेवटची दोन फार जवळ टांगलीत. लांब करा."

दोघं घरी आली. म्हातारा स्वयंपाकघरात टेबलाशी बसला. तिने पाण्याचा पेला त्याच्यापुढे आपटला, टेबलावर पाणी सांडलं.

"नऊ वर्षं मी तुम्हाला चुकीचे रंग दिले," ती म्हणाली. "तुम्ही मागितला त्यातला एकही दिला नाही. ते सगळं माझं आहे."

"माहीत आहे."

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काय माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे. साठ वर्षं रंग कालवतोय मी. तपकिरी कालवायच्या सुरीखाली मातीसारखा लागतो, तुटक. तू दिलास तो चिकट होता, लाखेसारखा. किरमिजी. हात आंधळा होत नाही गं." तो पाणी प्याला. "तुमच्या कारखान्यात रंगाला हात कोण लावतं? तुम्ही दिव्याखाली धरून बघणारी माणसं."

खरं होतं. तेवीस वर्षं तिने रंग फक्त पाहिला होता. रंगाला हाताने ओळखतात हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस." म्हातारा अगदी साधेपणाने म्हणाला, मीठ जरा जास्त झालंय असं सांगावं तसा. "चित्रं चांगली होत होती. रागात असलीस की तू फार छान रंग द्यायचीस. म्हणून अधूनमधून तुला जरा डिवचायचो."

नऊ वर्षांचे टोमणे तिच्या डोळ्यांपुढून गेले. एक एक. तिने केलेली चोरी चोरी नव्हतीच, ती मजुरी होती, आणि मुकादम शेजारी बसून काम करून घेत होता.

"त्या चरित्रवाल्याला सांगा," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला आणि त्याचा तिला भयंकर राग आला. "पुस्तकात आलं पाहिजे. माझं नाव."

"काय सांगू? मुलगी ट्यूब पिळून द्यायची? चहाही तूच देतेस."

"मग मी सांगेन."

"सांग की. तो खूश होईल. लिहील, आंधळ्या बापाला लेक दगा देत होती, आणि तरीही या माणसाने त्यातून चित्र उभं केलं. एक आख्खं प्रकरण होईल. मीच मोठा होईन, आणि तू कोण होशील ते तुझं तू बघ."

तिने खूप विचार केला, पण यातून वाट सापडेना. म्हातारा बरोबर बोलत होता, तेच सगळ्यात वाईट होतं.

"रविवारी सकाळी दहाला दालनाच्या बाई आणि चरित्रवाला येणार आहेत, फोटोग्राफर घेऊन," म्हातारा उठत म्हणाला. "नव्या डोळ्यांनी काढलेलं पहिलं चित्र त्यांना हवंय. प्रदर्शनात शेवटी तेच टांगायचंय. तू नेहमीसारखी बस." दारात जाऊन तो थांबला. "आता मला दिसतं, तेव्हा सांगून ठेवतो. मी काहीही मागितलं तरी तू आपलं तुझंच दे."

"तुम्हाला दिसतंय ना? मग तुमचे तुम्ही घ्या."

म्हाताऱ्याने नजर चुकवली, आणि त्या चुकवलेल्या नजरेतून लेकीला एकदम सगळं कळलं. याला रंग येतच नव्हता. कधीच आला नव्हता. राखाडी ही त्याची साधना नव्हती, लपायची जागा होती. आणि एकोणीस वर्षांच्या पोरीच्या चित्रासमोर तो पाच मिनिटं उभा राहिला होता, कारण त्याला पाच मिनिटांत सगळं दिसलं होतं. त्याने ते ओळखलं होतं म्हणूनच तिला पाहुण्यांसमोर उताणं पाडलं होतं. तिला बापाचा इतका तिरस्कार आजवर कधी वाटला नव्हता, आणि गंमत म्हणजे तो वाटून तिला हलकं वाटलं.

रविवारी दहाला सगळे आले. म्हाताऱ्याच्या खोलीत काम चालू असताना आजवर बाहेरचं कुणी बसलं नव्हतं, त्यामुळे दालनाच्या बाई देवळात आल्यासारख्या दबक्या पावलांनी चालत होत्या. चरित्रकार भिंतीशी बसला. फोटोग्राफरने खिडकी उघडली. भरपूर उजेड होता. लेक ट्यूबांची पेटी मांडीवर घेऊन तिच्या स्टुलावर बसली.

म्हाताऱ्याने कोळशाने रेषा टाकल्या. एक बाई, खुर्ची, खिडकी. हात तसाच होता, सगळे श्वास रोखून बघत होते. मग त्याने पॅलेट पुढे केलं.

"तपकिरी."

लेकीने तपकिरी दिला.

म्हाताऱ्याने सुरी फिरवली आणि त्याचा हात थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती पेटीत बघत होती.

"काळा."

काळा दिला. लेबल वर करून, त्याला वाचता यावं असा धरून दिला.

"पांढरा," तो म्हणाला, आणि हळूच, ओठ न हलवता, "तुझा दे."

"काय म्हणालात बाबा?" लेकीने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "पांढरा ना? हा घ्या पांढरा."

कॅमेरा वाजत होता. म्हाताऱ्याने खुर्चीत बसलेली बाई राखेने भरली. मग जरा मागे सरला, बघितलं आणि पुन्हा पॅलेट पुढे केलं. "लाल दे."

"पाच आहेत. कोणता?"

"कोणता म्हणजे? लाल."

"नाव सांगा, बाबा. तुम्ही सांगाल तोच देते."

त्याने किरमिजी सांगितला. तिने किरमिजी दिला, चांगला बोटभर. त्याने तो खिडकीत लावला. लाल तिथे असा बसला की कुणीतरी चित्रावर काहीतरी सांडलंय असं वाटावं. त्याने त्यात पांढरा कालवला, तर तो औषधासारखा गुलाबी झाला. मग हिरवा मागितला, नाव घेऊन. लेकीने हिरवा दिला. दोन्ही एकत्र येऊन चिखल झाला. म्हाताऱ्याने फडक्याने पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा पुसलं. त्याच्या मानेवर घाम आला होता. हे सगळं त्याला आता स्वच्छ दिसत होतं. कुठे चुकलंय ते दिसत होतं, काय हवं ते दिसत नव्हतं.

लेकीला दिसत होतं. पांढऱ्यात पिवळ्याचा एक ठिपका आणि निळ्याचा पुसटसा हात, एवढ्याने ती खिडकी उघडली असती. तिची बोटं त्या निळ्याच्या ट्यूबवर होती. तिने ती तिथून उचलली आणि मांडीवर ठेवली. यासाठी तिला फार जोर लावावा लागला.

पाऊण तास गेला. फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला होता. दालनाच्या बाई मनगटावरचं घड्याळ बघत होत्या.

"मुली," म्हातारा म्हणाला. गेल्या कित्येक वर्षांत त्याने तिला या शब्दाने हाक मारली नव्हती. "अगं, दे ना."

"तुम्ही सांगितलेलं सगळं दिलंय, बाबा. आणखी काय देऊ?"

त्याने खिडकीवर सुरी घातली, सगळा रंग खरवडून काढला, आणि काळ्या-पांढऱ्या-तपकिरीची राख कालवून ती जागा भरून टाकली. खुर्ची राखाडी, बाई राखाडी, उजेडही राखाडी. मग तो स्टुलावर बसला आणि त्या बाईकडे बघत राहिला.

चरित्रकाराने घसा साफ केला. हातातला फोन कुणापुढे धरावा ते त्याला कळेना, म्हणून तो लेकीकडे वळला. "सर परत राखाडीकडे का आले असतील हो? म्हणजे, इतका रंग मिळाल्यावर?"

म्हाताऱ्याने मान वर केली आणि लेकीकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते तिने नीट बघून घेतलं, घाई केली नाही. मग ती ट्यूबांची टोपणं एक एक करून घट्ट लावायला लागली.

"चित्र त्यांचं आहे," ती म्हणाली. "त्यांनाच विचारा."